टाच वेगळी, मुंग्या वेगळ्या

सांगली, मंगळवार

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंत धरत न्हाणीघर गाठायचं; थोडं हिंडलं-फिरलं की पाय मोकळा होतो. शाळेत फरशीवर उभं राहून तास झाले की दुपारनंतर पुन्हा ठणका. आयर्विन पुलापर्यंतचं फिरणं तर केव्हाच सुटलं. स्टाफरूमचं निदान ठरलेलं: "बाई, टाच वाढली तुमची."

आज विश्रामबागेत डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रेत हाडाचं टोक होतंच. पण असं टोक काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेत असतं म्हणे, त्याच्यावर खापर फोडू नका. दुखतोय तो टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणारा जाड पट्टा. रात्री तो आखडतो, पहिल्या पावलाला ताणला जातो. उठण्याआधी टॉवेल तळव्याला अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा, घरातही मऊ चप्पल. एवढंच? मला हायसं वाटलं.

मग पायांना येणाऱ्या मुंग्यांचं सांगितलं. "त्या पट्ट्यानं पाय बधिर होत नाही," म्हणाले, आणि चौकशी सुरू. एकच पाय की दोन्ही? खोकलं की कळ कमरेतून खाली उतरते का? एकाच पायाला असेल तर कमरेत किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला नस दबलेली असू शकते. दोन्ही पायांना, बोटांकडून वर चढत असेल तर आधी साखर, बी-१२, थायरॉईड बघायचं. माझे दोन्ही. डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवत होते, लागला की "हो" म्हणायचं. डाव्या अंगठ्याखाली मी गप्पच. दोरा टेकलाय याचा पत्ताच नव्हता.

साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, त्या गोळीनं बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात आमचं घर शाकाहारी. बी-१२ मिळणार ते दूध-दह्यातूनच. हे इतक्या वर्षांत कुणीतरी सांगायला हवं होतं.

घरी आत्याबाई रुईची पानं आणि तापवायला वीट घेऊन बसलेल्या. बधिर पायाला चटका कळत नाही, साखरेच्या माणसाला फोड आला तर चिघळतो, हे त्यांना समजावलं. "आमच्या वेळी कुणाला फोड आला नाही," म्हणाल्या. त्यांना साखर नाही, हे ओठावर आलेलं गिळलं आणि वीट परसात ठेवून आले.

उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचंय. पहिला तास कुणाला तरी घ्यायला सांगायला हवा.