मोठ्या माणसांना बाद करू नका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दिवाळी सरली की हा प्रश्न येतोच. कुणी गल्लीतल्या मंडळाचं असतं, कुणी सोसायटीच्या स्टाफचं, कुणी दहावीच्या जुन्या बॅचचं. "बाई, मोठ्या माणसांसाठी खेळांचा एक दिवस ठेवायचाय. कुठले खेळ घ्यायचे तेवढं सांगा की." जन्मभर बेळगावात पी.टी. शिकवली म्हणून माझ्याकडे यादी तयार असणार, असं लोकांना वाटतं. यादी आहे, पण ती नंतर. आधी एक अट: ज्या खेळात माणूस बाद होऊन बाहेर बसतो, तो खेळ घ्यायचा नाही.

"म्हणजे संगीत खुर्ची पण नको?" असं विचारताना समोरच्याचा चेहरा पडलेला असतो. नकोच. तीस माणसं आणि एकोणतीस खुर्च्या मांडल्यात, तर पहिल्या फेरीत बाद कोण होतं? जिचे गुडघे दुखतात ती, किंवा जो लाजत मागे उभा होता तो. म्हणजे ज्यांना घराबाहेर काढायला हा दिवस ठेवला, तीच माणसं पहिली बाहेर. शेवटी एका खुर्चीभोवती दोन तरणी पोरं फिरतात आणि अठ्ठावीस जण मोबाइल बघत बसलेले असतात. लहान मुलं बाद झाली तर कडेला दुसरा खेळ मांडतात. मोठं माणूस एकदा सावलीत टेकलं की जेवायलाच उठतं.

खेळांआधी तारीख. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मैदान पावसाचं असतं. एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारून कधी कोसळेल सांगता येत नाही, आणि विजा चमकताना उघड्या माळावर चाळीस माणसं उभी करणं हा शहाणपणा नव्हे. नोव्हेंबरात तालुक्याकडची माणसं सुगीत अडकलेली असतात, आणि एक नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस असतो, हे सीमाभागातल्या माणसाला मी सांगायला नको. डिसेंबरात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन इथं भरलं की पोलिसांना तुमच्या माइकच्या परवानगीचा कागद बघायला सवड नसते. म्हणून मी पौष सुचवते. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे "पाव्हण्यांकडं लग्न हाय" हे कारण कुणालाच सांगता येत नाही. थंडी असते, हवा कोरडी असते, आणि स्वयंपाकाला आचारीही मिळतो.

जागेचं म्हणाल, तर शहरात रविवारी सकाळी कुठलंही मैदान टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात असतं. त्यांच्याशी भांडू नका, गावाकडं जा. एखाद्या शाळेचं पटांगण किंवा देवळापुढचा माळ बघा. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भातकापणी झाली की मोकळी रानं बघून मोह होतो. पण भाताची धसकटं तळपायात शिरतात, आणि बऱ्याच रानांत मागून मसूर पेरलेली असते. खानापूरकडं तांबडी माती. दिसायला छान, पण जांभ्याच्या खड्यांवर पडलं की गुडघा सोलून निघतो. आदल्या संध्याकाळी चार जणांनी ओळीने चालत जाऊन खडे आणि काचा वेचायच्या. हे काम कुणीही आनंदाने करत नाही, म्हणून ते दुसऱ्यावर न सोडता स्वतः हजर राहायचं. दवाचंही ध्यानात ठेवा. जानेवारीत गवत बराच वेळ ओलं असतं, त्यामुळे पळायचे खेळ नऊनंतर.

आता संघ. "तुमचे तुम्ही गट करा" म्हटलंत तर वरची गल्ली एकीकडे, खालची एकीकडे, जावा-जावा एकत्र आणि नवराबायको एकमेकांपासून जमेल तेवढे लांब. शिबिरात शिकवतात तसं मुक्याने, जन्मतारखेनुसार रांग लावायला सांगू नका. पन्नाशीपुढच्या निम्म्या माणसांची तारीख एक जून असते, शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली. रांगेच्या मधोमध एवढा घोळका होतो की पुढं सरकतच नाही. त्याऐवजी आज पहाटे कोण किती वाजता उठलं, त्यावर रांग लावा, बोटांच्या खुणांनी. पहिल्या पाच मिनिटांत हशा पिकतो, कारण कुणाची सून खुणेने पाच सांगते आणि सासू मागून सात दाखवते. मग एक-दोन-तीन-चार मोजत चार संघ पाडा. चाळीस माणसांना दहा-दहाचे चार संघ बरोबर बसतात.

रांग लागली की लगेच पळवू नका. ऑफिसातून उठून थेट पळायला लागलेल्या माणसाची पोटरी नाहीतर मांडीमागचा स्नायू धरतो, आणि हे बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच होतं. मैदानाला दोन फेऱ्या चालत, तिसरी जरा झपझप, मग हात, खांदे, पोटऱ्या सैल करायच्या. ज्यांना हृदयाचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांना आधी बाजूला घेऊन विचारा. माइकवर विचारलंत तर एकही हात वर होणार नाही. बर्फाचा डबा, क्रेप बँडेज, साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी आणि चावी लावलेली एक गाडी. एवढं असलं की झालं.

पहिला खेळ मी लगोरी घेते. सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू, खर्च शून्य. खानापूरची कौलं प्रसिद्ध आहेत आणि आम्ही लहानपणी त्याच तुकड्यांवर खेळलो, पण मोठ्यांसाठी सुताराकडून लाकडाचे सात तुकडे कापून आणा, कौलाची धार बोटाला लागते. चेंडू रबरी नको, चिंध्यांचा करा. पाठीत बसला तर आवाज होतो, लागत नाही. लगोरीत मला आवडते ती गोष्ट अशी की ताकदवान माणसाला ताकदीचा काही उपयोग नसतो. नेम लागतो शेंगा फोडत बसल्यासारख्या शांत बसलेल्या काकूचा. फक्त नियम बदला: चेंडू लागला तर माणूस बाद नाही, समोरच्या संघाला एक गुण. लगोरी रचून झाली की तीन गुण. मूळ खेळाचे कट्टर लोक कुरकुरतात. त्यांना शिट्टी देऊन पंच करा.

खो-खोची मागणी हल्ली फार वाढलीय. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही जिंकले, तेव्हापासून प्रत्येकाला आपण शाळेत कसे खेळत होतो ते आठवतं. शाळेतलं शरीर मात्र शाळेतच राहिलं. उकिडवं बसून खो मिळाल्यावर झेप घ्यायची, हे चाळिशीपुढच्या गुडघ्याला मागणं बरं नव्हे. म्हणून उभा खो-खो: रांगेतले सगळे उभे, एकाआड एक तोंड फिरवून. मैदान निम्मं. इथंही बाद झालेला बाहेर जात नाही, तो लगेच रांगेत शिरतो आणि रांगेतला एक पळायला येतो. लंगडी मी घेत नाही, पोत्यातली शर्यत आणि तीन पायांची शर्यत तर मुळीच नाही. या तिन्हीत पडायचंच असतं, आणि साठीच्या माणसाने मनगटावर पडणं म्हणजे प्लास्टर.

रस्सीखेच मात्र हवीच. तिच्याशिवाय लोकांना खेळ झाल्यासारखं वाटत नाही. 1900 ते 1920 या काळात ती ऑलिंपिकमध्येसुद्धा होती. पण सगळ्यांत धोक्याचा खेळही हाच, म्हणून इथं मी जरा कडक होते. दोर जाड हवा, मुठीत भरेल असा, सुती किंवा काथ्याचा. ट्रकवाल्याकडून आणलेला नायलॉनचा नको, तो हात कापतो आणि तुटला तर चाबकासारखा मागे येतो. जुन्या विहिरीवरचा मोटेचा नाडा कुणाच्या माळ्यावर सापडला तरी आणू नका, आतून कुजलेला असतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही, गाठी मारायच्या नाहीत. 1997 साली तैवानात तैपेईला हजाराहून जास्त माणसांनी एकच दोर ओढला, तो तुटला आणि दोघांचे हात तुटून पडले. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, आणि सांगितल्यावर गुंडाळलेले दोन-तीन हात गुपचूप मोकळे होतात.

स्पर्धेत दोन्हीकडे आठ-आठ जण असतात आणि वजनाचे गट पाडतात. आपल्याकडे वजन कोण सांगणार? तेव्हा एकदा नुसतं ओढून बघायचं, जड बाजूचा एक माणूस हलक्या बाजूला द्यायचा, तोल साधला की मग खरी ओढ. तीनपैकी दोन, दर वेळी बाजू बदलून, कारण माळ सपाट दिसला तरी नसतो. आठ बायका विरुद्ध पाच पुरुष ही जोडी एकदा लावाच. पुरुष सुरुवातीलाच सगळा जोर लावून दमतात. बायका एका सुरात ओढतात आणि दोर हळूहळू तिकडे जातो.

बायकांवरून आठवलं. "आमच्यातल्या सुना खेळायला उतरत नाहीत" ही तक्रार हमखास. सुनांना आग्रह करून काही होत नाही. सासूला उतरवा. सासूने पदर खोचून पहिला चेंडू टाकला की सुनांना परवानगी लागत नाही. निमंत्रणातच पंजाबी ड्रेस आणि बूट असं लिहा, म्हणजे घरून निघतानाचा वाद तुमच्या नावावर खपतो. नऊवारीतल्या आज्यांना मात्र काही सांगू नका, काष्ट्यात त्या आपल्यापेक्षा मोकळ्या पळतात.

ज्यांना पळता येत नाही त्यांना गुण लिहायला बसवायची पद्धत आहे. ती मला आवडत नाही. त्यांच्यासाठी बुट्टी, म्हणजे टोपली, ठेवा: वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या दहा पावलांवरून बुट्टीत टाकायच्या, खुर्चीत बसून टाकल्या तरी चालेल. हे गुण संघाच्या खात्यात जायला हवेत. आजोबांच्या पिशवीवर संघाचा नंबर ठरतोय म्हटल्यावर नातवंडं खुर्चीभोवती गोळा होतात. आणि ओंजळीतून ओंजळीत पाणी देत शेवटच्याने कळशी भरायची, हा खेळ सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर कुणी कोरडं राहत नाही.

पाच खेळ पुरे. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये ताक. सहावा घेतलात तर लोक जेवणाचा वास घ्यायला लागतात.

माइकवर मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारा माणूस बसवा. आपल्या गल्ल्यांत शेजार दोन्हीकडचा असतो, आणि नियम एकाच भाषेत सांगितला की "आम्हाला कळलंच नाही" म्हणायला दुसऱ्या बाजूला जागा राहते. पंच शक्यतो दुसऱ्या गावचा. इथं तो कुणाचातरी मेहुणा निघतोच, पण निदान लांबचा निघावा. मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त चिडीचा डाव खेळतात, हे माझं ठाम मत आहे. बँकेत पैशाचा हिशोब चोख ठेवणारा गृहस्थ लगोरीत रेघ ओलांडून शपथ घेतो. यावर उपाय सोपा: पंचाशी वाद घातला की संघाचा एक गुण वजा. मग त्याच्याच संघातले त्याला गप्प करतात.

या सगळ्यापेक्षा दिवस खरा बिघडतो तो उद्घाटनाने. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, मग देणगीदारांचा सत्कार, मग ज्यांचं नाव राहिलं त्यांचा सत्कार. नऊला जमलेली माणसं अकरापर्यंत उन्हात उभी. नगरसेवकाला बोलवायचंच असेल तर भाषणाला नको, रस्सीखेचेच्या एका टोकाला उभं करा. फोटो जास्त चांगला येतो आणि शालीचे पैसे वाचतात.

बक्षिसाला ढाल, कप, स्टीलचे डबे काही नको. एकाने घरी नेलं की नऊ जणांच्या हाती काही राहत नाही. जिंकणाऱ्या संघाला किलोभर कुंदा, आपली बेळगावची मिठाई, द्या, तिथंच उघडायचा, आणि बाकीच्या संघांनाही द्या, अर्धा-अर्धा किलो. शेवटच्या खेळाला गुण दुप्पट ठेवा, म्हणजे मागे पडलेला संघ निरुत्साही होत नाही.

आणि जेवण मैदानावरच वाढा, पुलाव, कोशिंबीर आणि ताक एवढंच असलं तरी. हॉलवर ठेवलंत तर वाटेत निम्मी माणसं घरी वळतात.