आम्ही की आपण?

गेली चौदा वर्षं मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कम्युनिकेशन स्किल्स शिकवते. सुरुवातीलाच फळ्यावर अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननची आकृती येते: बोलणारा, माध्यम, ऐकणारा आणि मध्येच घुसणारा ‘नॉइज’. हॉर्न, पंख्याची खरखर अशी उदाहरणं दिली की तास संपायचा. यंदा एवढ्यावर भागेना.

वर्गातली पाटण्याची एक मुलगी हौसेनं मराठी शिकतेय. हॉस्टेलवर तिनं सांगलीच्या रूममेटला सांगितलं, “रविवारी आम्ही सिंहगडावर जाणार आहोत.” तिच्या मनात होतं, आपण दोघी. हिंदीतल्या ‘हम’मध्ये समोरचाही मावतो, म्हणून तिनं सरळ ‘आम्ही’ म्हटलं. सांगलीच्या मुलीला ऐकू आलं, तुला सोडून बाकीच्या. मग अबोला. रविवारी पहाटे एक बूट घालून बसलेली, दुसरी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली. दोघी रडत माझ्याकडे आल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला.

आवाज स्वच्छ पोचला होता, एक अक्षर गळलं नव्हतं. शॅननचा १९४८चा निबंध टेलिफोनसारख्या माध्यमातून संदेश बिनचूक कसा पोचवायचा याबद्दल आहे. अर्थाचा प्रश्न त्यानं आरंभीच बाजूला ठेवलाय. इतकी वर्षं ही गोष्ट मी मुलांना सांगितलीच नव्हती, याचं मला वाईट वाटतं.

दोघींना विचारून मी हा प्रसंग वर्गात मांडला. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक काय? मराठी मुलं अडखळली. जन्मापासून चुकलेलं नाही, त्यामुळे नियम कधी शोधावा लागलेला नाही. उत्तर दिलं हैदराबादच्या तेलुगू मुलीनं: “मेमु आणि मनमु. मनमुमध्ये तुम्ही पण असता.” सुरतेचा मुलगा लगेच म्हणाला, “अमे आणि आपणे!” मराठीत हा भेद तेलुगूसारख्या द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. ते सांगितल्यावर तेलुगू मुलीचा चेहरा असा खुलला, की मला तो तास विसरता येणार नाही.

पुढच्या शुक्रवारी पाटण्याची मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. “मॅडम, रविवारी आपण सिंहगडावर येणार का?”

हे ‘आपण’ आदराचं, म्हणजे फक्त मी, की आम्ही सगळ्या मिळून? मी तिलाच विचारलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “दोन्ही.”

पिठलं-भाकरी आम्ही तिघींनी एकाच ताटात खाल्ली.