'होता' लिहिताना आता स्क्रीन लॉक होत नाही

कीबोर्डच्या कळा बदलताना तीन आठवडे ज्या गोष्टीने छळलं, ती काल रात्री साडेअकराला सुटली. घरात बाकी सगळे झोपलेले, पंख्याचा आवाज, आणि मी एकच शब्द पुन्हापुन्हा टाइप करत बसलेले: होता, होता, होता. पन्नास वेळा लिहिला. एकदाही स्क्रीन लॉक झाली नाही.

मागच्या नोंदीत कॅप्सलॉकवर कंट्रोल बसवल्याचं लिहिलं होतं. दाबून धरलं तर कंट्रोल, नुसतं टिचकीसारखं दाबलं तर एस्केप. तो बदल पक्का झाला, हात त्याला सरावले. त्या जोरावर पुढची पायरी घेतली, होम रो मॉड्स, म्हणजे बोटं टेकतात त्या मधल्या ओळीतल्या कळा धरून ठेवल्या की त्यांनीच कंट्रोल, शिफ्टसारख्या मॉडिफायर कळांचं काम करायचं. ए वर सुपर (विंडोजच्या खुणेची कळ), एस वर आल्ट, डी वर कंट्रोल, एफ वर शिफ्ट आणि उजव्या हाताला त्याचंच प्रतिबिंब. कीबोर्ड तोच, टीव्हीएस गोल्ड भारत, चेरीच्या निळ्या स्विचचा. त्यात क्यूएमके (कीबोर्डच्या आतच चालणारं फर्मवेअर) चालत नाही, म्हणून सगळं लिनक्सवर कीडी या कळा बदलणाऱ्या प्रोग्रॅममधूनच करते. इंग्रजीत दोन दिवसांत जमलं. मग मराठीवर आले आणि सगळं कोसळलं.

कारण समजायला उशीर लागला, म्हणून सविस्तर लिहिते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळमांडणीत डावा हात स्वरांचा आणि उजवा मुख्यतः व्यंजनांचा. डाव्या होम रोवर बघा: ए वर ओकार, एस वर एकार, डी वर पाय मोडायची खूण, एफ वर पहिली वेलांटी. म्हणजे मी ज्या चार कळांवर मॉडिफायर ठेवले, त्याच मराठीत खूप राबणाऱ्या कळा. शिवाय त्यांच्यानंतर बहुतेक वेळा उजव्या हाताचं व्यंजन येतं. डावी कळ पूर्ण सुटायच्या आत उजवी दाबली गेली की कीडीला वाटतं, शॉर्टकट दिला. क्यूएमकेवाले सांगतात की समोरासमोरच्या हातांच्या कळा असतील तरच होल्ड (म्हणजे मॉडिफायर) धरा, म्हणजे चुका कमी होतात. इंग्रजीसाठी ते खरं आहे. इनस्क्रिप्टला मात्र तोच नियम सगळ्यात घातक, कारण आपलं बहुतेक लेखनच डावा-उजवा, डावा-उजवा चालतं. 'सोलापूर' लिहून बघा, सातही कळा आलटून पालटून येतात.

परिणाम असे. 'होता' मधला ओकार आणि त मिळून सुपर-एल, स्क्रीन लॉक. 'झोप' लिहिलं की सुपर-एच, खिडकी गायब. लिब्रेऑफिसमध्ये 'शब्द' लिहिताना फाइल उघडायची चौकट यायची, 'सज्ज' लिहिताना छपाईची, आणि 'प्रत' लिहिलं की अख्खा परिच्छेद दोन्ही कडांना ताणला जायचा. हे निदान लगेच दिसतं. वेलांटीचं नुकसान जास्त वाईट, कारण ते गुपचूप होतं. एफ शिफ्ट ठरला की 'दिला' चं 'दळा' होतं, 'किती' चं 'कथी', 'विचार' चं 'वछार'. एका स्मरणिकेचं काम तपासायला हातात होतं, त्यात असे चार शब्द सुटून गेले. संपादकांनी फोन करून विचारलं तेव्हा मनाला फार लागलं.

पहिला आठवडा कीडीच्या साध्या ओव्हरलोडवर (टिचकीला अक्षर, धरलं की मॉडिफायर) गेला, तो मराठीसाठी अजिबात वापरू नका. दुसऱ्यात ओव्हरलोडटी-टू. त्यात होल्ड ठरायला एकतर वेळ उलटावी लागते किंवा मधली कळ दाबून सुटावी लागते. चुका निम्म्यावर आल्या. तिसऱ्यात लेटरमॉड, म्हणजे आधीची कळ अमुक मिलिसेकंदांच्या आत दाबलेली असेल तर ही कळ अक्षरच समजायची. आधीच्या कळीपासूनची मर्यादा १५० आणि धरून ठेवायची २०० ठेवली. 'होता' बहुतेक वेळा बरोबर यायला लागलं. 'महाराष्ट्र', 'स्वातंत्र्य', 'उज्ज्वल' अडकत राहिले.

मग अंदाज सोडून मोजायला बसले. कीडी मॉनिटरला वेळ दाखवायचा पर्याय आहे, दोन घटनांमध्ये किती मिलिसेकंद गेले ते छापतो. ज्यांनी अजून वापरला नसेल त्यांनी आजच वापरा, आठवड्याचं काम तासात होतं. माझा 'त्या' मधला पाय व्यंजनानंतर शंभराच्या आसपास येतो. 'ष्ट्र' ला शिफ्ट सोडून डी वर यायला अडीचशेच्या पुढे लागतात. म्हणजे दीडशेची मर्यादा नेमकी जोडाक्षरातच ओलांडली जात होती.

आणि इथे डोक्यात प्रकाश पडला. ओकार, एकार, वेलांटी, पाय मोडलेली खूण, यांतलं एकही चिन्ह शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकत नाही! त्याच्या आधी व्यंजन असलंच पाहिजे. म्हणजे डाव्या होम रोची कळ लिहिण्याच्या ओघात असेल तर ती अक्षरच आहे, आणि मी थांबून दाबली तरच ती मॉडिफायर. इंग्रजीत असं ठामपणे म्हणता येत नाही, तिथे ए, एस, डी, एफ कुठेही येतात. आपल्या लिपीच्या रचनेतच उत्तर होतं आणि मी इंग्रजीवाल्यांचे आकडे उचलून वापरत होते. मर्यादा १५० वरून थेट ६०० केली. उजव्या हाताचे मॉडिफायर काढून टाकले, कारण र, क, त, च यांनी शब्द सुरू होतात, तिथे हा नियम लागू नाही. एफ वरचा शिफ्टही काढला. लिहिण्याच्या ओघात शिफ्ट लागतोच, ळ, श, ण, ख साठी, आणि सहाशेच्या मर्यादेत एफ तो देऊ शकत नाही.

काल रात्रीचं ते हे. 'महाराष्ट्र' वीस वेळा, 'स्वातंत्र्य' वीस वेळा, सगळं स्वच्छ.

आज सकाळी आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली मैत्रीण आली होती, ती तेलुगूत लिहिते. इनस्क्रिप्ट १९९१ च्या भारतीय मानकात आहे आणि लिपी कुठलीही असो, क तिथेच, पायाची खूण डी वरच. तिला 'एक्कड' लिहायला सांगितलं, 'अम्मा', 'अन्ना'. एकही चूक नाही. ती म्हणाली, "अगं, माझ्या मशीनवर पण टाकून दे की हे." कानडीसाठीही चालायला हवं, 'अक्का' आणि 'अप्पा' च्याच कळा आहेत. या गावात तीन भाषांचे लोक एकाच फाइलवर लिहू शकतात, याचा मला खरंच आनंद झाला.

मधल्या काळात एक प्रयोग सोडला, तोही नोंदवते. कीडीत मराठीसाठी वेगळा लेआउट करून भाषा बदलायच्या कळीवर सेटलेआउट (कीडीचा लेआउट बदलायचा आदेश) जोडला होता. माझ्याकडे प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवलेली असते, त्यामुळे खिडकी बदलली की कीडी एका भाषेत आणि डेस्कटॉप दुसऱ्या. तो मार्ग बंद.

छोटं यश: ऍ च्या जागी ॲ बसला. आधी यूएसआर-शेअरमधली फाइल बदलली होती, अपडेट आलं की पुसली जायची. आता होम फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये एक्सकेबीची (लिनक्सच्या कळमांडणीच्या फाइलींची) स्वतःची प्रत ठेवली आहे, वेलँडवर (लिनक्सच्या नव्या पडदा-प्रणालीवर) ती नीट उचलली जाते.

नवी पेठेतून आणलेले देवनागरी स्टिकर मात्र घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात गोंद पाघळतो आणि कळा चिकट होतात. स्पिरिटने पुसायला एक रविवार गेला. कळा कोऱ्याच बऱ्या, महिन्याभरात बोटं शिकतात.

नव्याने फाइल लिहिणाऱ्यांनी बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबले की कीडी बंद होतो, हे आधी पाठ करा. लॉगिनच्या पडद्यावरही कीडी चालू असतो, तिथे अडकलात तर हाच आधार.

आता शिफ्टचं काय? हे लिहिता लिहिताच सुचलं. ळ, श, ख या उजव्या हाताच्या कळा, म्हणून शिफ्ट डाव्या अंगठ्याखाली हवा. डावा आल्ट टिचकीने दाबला तर एका अक्षरापुरता शिफ्ट, धरून ठेवला तर आल्टच. मग एस वरचा आल्ट निघून जाईल, आणि डी वरच्या कंट्रोलचीही गरज उरणार नाही, कॅप्सलॉक आहेच. खरं तर मग होम रोवर फक्त ए उरतो. आधी उजव्या शिफ्टची सवय लावायचं ठरवलं होतं, ते आता मागे. आज जेवणं झाली की हेच बसवते. पहिली चाचणी 'शाळा', दुसरी 'वेळापत्रक'.