जुन्या ग्राहकाने पुन्हा का बांधून घ्यावे?

ब्रॉडबँडचा वार्षिक प्लॅन संपत आला की कंपनीचे फोन सुरू होतात आणि पुन्हा वर्षाचे, जमल्यास दोन वर्षांचे पैसे एकदम भरण्याचा आग्रह होतो. सोलापुरात होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांत आता घरोघरी फायबर आले आहे आणि पुण्यातील कंपन्यांचे काम इथे घरी बसून करणारी मुले-मुलीही आहेत, त्यामुळे हा प्रश्न चार पैशांच्या सवलतीपुरता राहिलेला नाही. दीर्घ मुदतीचा करार मुळातच अन्यायकारक असतो, असे माझे म्हणणे नाही. पहिल्या करारातील बंधनामागे जे कारण असते ते दुसऱ्या करारात उरत नाही, एवढाच माझा आक्षेप आहे.

नवे कनेक्शन देताना खांबापासून घरापर्यंत केबल ओढावी लागते, राऊटर द्यावा लागतो, माणूस पाठवावा लागतो. हा खर्च वसूल होण्याआधीच ग्राहक निघून गेला तर कंपनीचे नुकसान होते, म्हणून इन्स्टॉलेशन मोफत देऊन त्या बदल्यात मुदत बांधून घेणे मला रास्त वाटते. परंतु दोन-तीन वर्षे नियमाने पैसे भरणाऱ्याच्या घरी केबल तीच असते, राऊटर तोच असतो आणि त्याला शोधून आणण्याचा खर्चही नसतो. तरीही चांगली ऑफर ‘फक्त नवीन कनेक्शनसाठी’ असते. मग जुने कनेक्शन बंद करून ते घरातल्याच दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्याने घेण्याचा उद्योग लोक करतात. मला तर हा मार्ग विक्रीसाठी आलेल्या प्रतिनिधीनेच सुचवला होता. यात कंपनीचा काय फायदा होतो, हे मला अजून उमगलेले नाही.

आगाऊ पैशांचा मुद्दा याहून गंभीर आहे. समजा, दर महिना 600 रुपये आहे. 18 टक्के जीएसटी धरून तो 708 होतो, आणि दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने अशी सवलत घेतली तर 7,080 रुपये पहिल्याच दिवशी कंपनीकडे जातात. एका अर्थाने हे ग्राहकाने दिलेले कर्ज आहे आणि सवलत हे त्याचे व्याज आहे. हा व्यवहार वाईट नाही, पण पुढचे बिल न भरता दुसरीकडे जाण्याची जी एकमेव ताकद ग्राहकाकडे होती, ती त्याने त्यात देऊन टाकलेली असते. ड्रेनेजसाठी रस्ता खोदला गेला, केबल तुटली आणि आठवडाभर नेट बंद राहिले, तर मासिक प्लॅनवाल्याला जे उत्तर मिळते तेच वार्षिकवाल्याला त्याच तत्परतेने मिळेल, याची खात्री मी देणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायने 2006 सालच्या ब्रॉडबँड सेवा-गुणवत्ता नियमांतच अशा बिघाडासाठी भरपाई ठरवून दिली होती: तीन कामाच्या दिवसांपेक्षा अधिक पण सातपेक्षा कमी दिवस बिघाड राहिल्यास सात दिवसांच्या किमान शुल्काची सूट, त्यापुढे पंधरा दिवसांपर्यंत पंधरा दिवसांची, आणि त्याहूनही लांबल्यास महिन्याची. अशी सूट मागितल्याशिवाय मिळते, असा माझा अनुभव नाही.

भाडेकरूंची अडचण आणखी वेगळी आहे. आपल्याकडे घरभाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि नेटचा प्लॅन बारा महिन्यांचा, कधी ‘बारा अधिक एक’. घर बदलले आणि नव्या गल्लीत त्या कंपनीची केबल नसली, तर उरलेले महिने बहुतेक वेळा बुडीत खाती जातात.

जुलै 2020 मध्ये लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे. करार मोडल्याने झालेल्या नुकसानीच्या मानाने बेसुमार दंड लावणे किंवा ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट घालणे, हे त्यात येते. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते, आणि त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. सात हजार रुपयांसाठी सोलापूरहून एवढी उठाठेव कोण करणार? सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र इथल्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने फेब्रुवारी 2020 पासून कंपन्यांवर एक साधे बंधन घातले आहे. करार संपण्याच्या 10 ते 40 दिवस आधी त्यांना ग्राहकाला कळवावे लागते आणि नव्या ग्राहकांना कोणता दर दिला जातो, हेही त्याच सूचनेत सांगावे लागते. आपल्याकडे नूतनीकरणाच्या मेसेजमध्ये एवढी एक ओळ वाढली, तरी फोनवरच्या आग्रहाचा सूर बदलेल.

दुसरी मागणी मुदतीआधी सोडून जाणाऱ्यासाठी आहे. त्याची सवलत खुशाल काढून घ्यावी, वापरलेले महिने मासिक दराने मोजावेत आणि बाकी परत करावी. वरच्याच उदाहरणात सात महिन्यांनी घर बदलणाऱ्याचे 4,956 रुपये वापरले गेले. उरलेले 2,124 त्याचे आहेत.