म्हाताऱ्यांच्या पेन्शनला उत्पन्नाचा दाखला कशाला पाहिजे?

वर्षाला २१ हजार रुपये उत्पन्न. एकट्याचं नव्हे, सगळ्या कुटुंबाचं, सगळीकडनं मिळून. म्हणजे महिन्याला १७५०, दिवसाला साठ रुपये पण नाहीत. श्रावणबाळ योजनेतनं किंवा संजय गांधी निराधारमधनं पेन्शन पाहिजे असेल आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर उत्पन्न याच्या आत असल्याचा दाखला लागतो (दिव्यांगांना मर्यादा वेगळी आहे). गावाकडची ती यादी २००२ च्या सर्व्हेवरची, म्हणजे त्यानंतर ज्याचा नवरा गेला, धंदा बसला, पोरगं वारलं, तो त्या यादीत असणार कसा? आणि एवढं सगळं करून पेन्शन किती, तर महिन्याला १५००.

माझं कोल्हापुरात शुक्रवार पेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळं हे आकडे मला रोज बघायला लागतात. सरकारी मदत सगळ्यांना द्यावी का फक्त गरिबांना, यावर आमच्या मित्रांच्यात कायम वाद होतो, आणि 'फक्त गरिबांना' म्हणणारा माणूस नेहमी शहाणा वाटतो कारण ऐकायला ते बरोबरच आहे, पैसा थोडा आहे तर ज्याला गरज आहे त्याला द्या. मला पण तत्त्व म्हणून ते पटतं. पण गरीब कोण हे ठरवणार कसं, हा प्रश्न आला की मग सगळं तलाठ्याच्या अहवालावर आणि तहसीलदारांच्या दाखल्यावर येऊन थांबतं, आणि तिथं काय होतं ते मला दिसतंय म्हणून लिहितोय.

एक मावशी येतात, चार घरची धुणीभांडी करतात, वय सत्तरच्या आसपास. मी विचारलं, मावशी महिन्याला किती मिळतात? तर म्हणाल्या, "पाच हजार मिळत्यात की, खोटं कशाला सांगू." आता पाच हजार गुणिले बारा म्हणजे साठ हजार झाले. बसत नाही. सोबत आलेला त्यांचा भाचा लगेच म्हणाला वीस हजार लिवा की, सगळी तेवढंच लिवत्यात. आणि ते खरं आहे, सगळे तेवढंच लिहितात, कारण २१ हजारात आज कोल्हापुरात कुठलंच घर चालत नाही, गॅस, लाइटबिल आणि दूध एवढ्यातच ते संपतात. मावशी माझ्याकडं बघत बसल्या. फॉर्मच्या मागं स्वयंघोषणापत्र असतं, माहिती खोटी निघाली तर शिक्षेस पात्र राहीन असं त्यावर छापलेलं असतं, त्याखाली अंगठा त्यांचा. म्हणजे अट अशी घातली आहे की खरं बोलणाऱ्या माणसाला मदत मिळायचीच नाही, आणि ज्याला मिळते त्याच्या डोक्यावर कायम टांगती तलवार. सत्तर वर्षाच्या बाईला भांडी घासून पाच हजार मिळतात म्हणून ती 'निराधार' नाही हे ठरवणारा नियम मला अजिबात मान्य नाही. त्या मावशी त्या दिवशी फॉर्म न भरताच गेल्या.

आता दुसरी बाजू बघा. आपल्या जिल्ह्यात शेतीचा पैसा आहे, ऊस आहे, दूध आहे. बहुतेकांकडं एकर-दीड एकरच आहे आणि त्यांची ओढाताण मी जाणतो, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण दहा-बारा एकर बागायत ऊस असलेली पण घरं आहेत. कारखान्याचं बिल लाखात जमा होतं आणि शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, म्हणजे सरकारच्या नोंदीत या माणसाचं उत्पन्न जवळजवळ दिसतच नाही. त्याला कमी उत्पन्नाचा दाखला मिळवायला फार अडचण येत नाही, ओळखी असतात, वेळ असतो, गाडी असते. आणि त्याच गल्लीत खाजगी कंपनीत २२ हजार पगारावर सुपरवायझर असलेला पोरगा, त्याची पगाराची स्लिप आहे, पीएफ कापला जातो, त्याचा रुपया न् रुपया कागदावर आहे. पहिला अडकतो तो हा. उत्पन्नाची अट जिथं बहुतेकांचं उत्पन्न कागदावरच नसतं तिथं लावली की ती चाळण उलटी चालते, बारीक दाणा वरच राहतो आणि खडा खाली पडतो.

पीएम किसानचं पण बघा. २०१९ ला सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार होते, नंतर त्याच वर्षी ती मर्यादा काढली आणि जमीन असलेल्या सगळ्यांना केली, फक्त इन्कम टॅक्स भरणारे, सरकारी नोकरदार, दहा हजाराच्या वर पेन्शन घेणारे वगैरे वगळले. ही पद्धत मला त्या दाखल्यापेक्षा बरी वाटते, कारण ज्याला वगळायचं त्याची नोंद सरकारकडं आधीच असते, गरिबाला काही सिद्ध करत बसायला लागत नाही. पण ज्याच्याकडं जमीनच नाही तो शेतमजूर, ऊस तोडणारा, त्याला यातला एक रुपया नाही. बारा एकरवाल्याला आहे. हे कुणाला खटकत कसं नाही?

लाडक्या बहिणीबद्दल, म्हणजे बायकांना महिन्याला १५०० द्यायच्या योजनेबद्दल, बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. २०२४ च्या जुलैला सुरू झाली, तेव्हा आमच्या दुकानाबाहेर रांग रस्त्यावर जायची. अडीच लाखाच्या आत उत्पन्न, पण पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला नको, ही सवलत अतिशय चांगली होती. मग निवडणूक झाली आणि मग पडताळणी सुरू झाली. अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन चारचाकी आहे का बघायला लागल्या. नियम असा की ट्रॅक्टर चालतो, बाकी चारचाकी चालत नाही. म्हणजे सात-आठ लाखाचा ट्रॅक्टर दारात असला तर बाई पात्र, आणि सासऱ्यानं भाजीच्या धंद्याला पन्नास-साठ हजाराची जुनी ओम्नी घेतली असली तर अपात्र. नंतर ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. ज्या बाईचा नवरा गेलाय आणि वडील पण गेलेत तिनं ओटीपी कुणाकडनं आणायचा? नंतर सरकारनं त्यात सुधारणा केली, मृत्यूचा दाखला देऊन काम होईल अशी सोय झाली, पण मधल्या काळात विधवा बायका रडकुंडीला येऊन कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मी बघितल्यात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्याच नेमक्या अडकल्या होत्या.

आणि एकदा दिलेलं परत काढून घेणं हे फार वाईट असतं. त्या १५०० वर बाई भिशी लावते, पोराच्या क्लासची फी ठरवते. मग एक दिवस हप्ता येत नाही आणि कुणीच कारण सांगत नाही. द्यायच्या आधी नीट विचार करून नियम करा, का तो निवडणुकीनंतर आठवतो?

उलट जिथं अटच नाही तिथं काय होतं बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे आणि त्याच्या आधीपासून, २०२२ पासून, ७५ च्या वरच्यांना मोफत. सीबीएस स्टँडवर राधानगरी नाहीतर गारगोटी गाडीत चढा, कंडक्टर बाईला तिचं उत्पन्न विचारत नाही. म्हातारा आधार कार्ड दाखवतो, झालं. ना दाखला, ना तलाठी, ना एजंट. यावर लोक म्हणतात की श्रीमंत बायका पण अर्ध्या तिकिटात जातात. कुठं जातात? ज्यांच्या दारात मोठी गाडी आहे त्या गारगोटीला एसटीनं उभं राहून जात नाहीत. रेशनच्या रांगेचं तेच, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या खिचडीचं तेच. ज्या मदतीसाठी रांगेत उभं राहायला लागतं, गर्दीत बसायला लागतं, तिथं ज्याला गरज नाही तो आपोआप येत नाही, त्याला अडवायला वेगळा ऑफिसर ठेवायची गरज नाही. रोख पैशाचं तसं नाही हे मी मान्य करतो, खात्यावर येणारे पैसे कुणालाही चालतात, तिथं काहीतरी गाळणी पाहिजेच. पण ती गाळणी वरच्या बाजूला लावा, खालच्या नको.

शाळेतल्या पोषण आहाराचा विचार करा जरा. सुप्रीम कोर्टानं २००१ ला सांगितलं की शिजवलेलं जेवण द्या आणि ते सगळ्या पोरांना, वर्गातल्या गरीब पोरांना वेगळं काढून नाही. पहिली ते आठवीची सगळी पोरं एका ओळीत बसून खातात. समजा तिथं केशरी कार्डवाल्यांनी या बाजूला बसा असं केलं असतं तर निम्मी पोरं लाजेनं उपाशी राहिली असती, आणि पोरांना ते आयुष्यभर लक्षात राहिलं असतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे नवीन वाटायचं काही कारण नाही खरंतर. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते सगळ्यांसाठी केलं. पोरगं शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. आणि त्याच महाराजांनी १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या, म्हणजे काही गोष्टी सगळ्यांना आणि काही गोष्टी ठराविक लोकांना, हे दोन्ही त्यांनी केलं. पण ते ठराविक लोक कोण हे जातीवरनं ठरलं होतं, जे गावात सगळ्यांना माहीत असतं. घरात किती आणे येतात याचा पुरावा आणायला त्यांनी कुणाला लावलं नाही. मला यातला फरक फार मोलाचा वाटतो. वय, वैधव्य, अपंगत्व, लहान मूल, या गोष्टी लपत नाहीत आणि बनवता पण येत नाहीत. उत्पन्न दोन्ही होतं.

आरोग्याच्या बाबतीत तर आपलं सरकारच शेवटी या निर्णयावर आलं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डाला होती. १९९९ ला तीन रंगाची कार्डं आली तेव्हा एक लाखाच्या वर उत्पन्न असेल तर पांढरं. ते एक लाख आज काय आहेत? महिन्याला आठ-साडेआठ हजार. एकेकाळी बरी नोकरी होती म्हणून पांढरं कार्ड मिळालेली माणसं, नंतर कारखाना बंद पडला, कार्ड पांढरंच राहिलं, आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी कळलं की आपण 'श्रीमंत' आहे. २०२३ मध्ये सगळ्या कार्डधारकांना योजना लागू करायचा निर्णय झाला, पाच लाखापर्यंत, आणि २०२४ पासून ते चालू झालं. सत्तरीच्या वरच्यांना तर आयुष्मानमध्ये उत्पन्न विचारतच नाहीत आता. मग त्याच म्हाताऱ्याला १५०० द्यायच्या वेळीच २१ हजाराचा दाखला कशाला पाहिजे?

खर्चाचं काय, असं विचारणारे विचारणारच आणि विचारलंच पाहिजे. एक कोटी माणसांना महिना १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार कोटी. लहान रक्कम नाही. पण लाडक्या बहिणीला पहिल्या वर्षी ४६ हजार कोटींची तरतूद केली होती, म्हणजे मनात आलं की पैसा उभा राहतो. म्हणून 'सगळ्यांना सगळं द्या' असं मी म्हणत नाही, तेवढा पैसा नाही हे मला पण कळतं. टॅक्स भरणारे मित्र वैतागतात, आम्ही भरायचं आणि फुकट्यांनी खायचं म्हणतात, त्यांचा राग पण मी खोटा म्हणणार नाही, पगारदाराला खरंच कुणी वाली नाही. पण साबण घेताना, चप्पल घेताना जीएसटी त्या भांडी घासणाऱ्या मावशी पण भरतात. आणि जर सगळ्या म्हाताऱ्यांना पेन्शन असेल तर त्या पगारदाराच्या आईला पण मिळेल, तेव्हा त्याला ती योजना आपली वाटेल आणि ती नीट चालावी म्हणून तो पण बोलेल. नुसत्या गरिबांच्या योजनेचे पैसे तीन-तीन महिने थकतात तरी पेपरात कोपऱ्यात पण बातमी येत नाही.

ब्रिटनमध्ये २०२४ ला थंडीतल्या हीटिंगसाठी म्हाताऱ्यांना मिळणारे पैसे सरकारनं फक्त ठराविक गरीब पेन्शनरांपुरते ठेवले. एवढा गदारोळ झाला की २०२५ ला निर्णय फिरवला, आता वर्षाला ३५ हजार पौंडापर्यंत उत्पन्न असलेल्यांना ते राहतात आणि त्यावरच्यांकडनं टॅक्समधनं परत घेतात. आधी द्या, मग वरच्यांकडनं काढून घ्या. आपल्याकडं पॅन आधारला जोडलेलंच आहे, सरकारी पेन्शन कोण घेतो, रिटर्न कोण भरतो हे कॉम्प्युटरला एका क्षणात कळतं.

त्यामुळं माझं म्हणणं एवढंच आहे. ६५ च्या वरच्या प्रत्येकाला आणि प्रत्येक विधवेला पेन्शन द्या, इन्कम टॅक्स भरणारे आणि सरकारी पेन्शनवाले वगळा, आणि २१ हजाराची अट काढून टाका. बारा एकरवाल्या काकांना पण १५०० जातील, मला माहीत आहे. जाऊ देत. त्यांना अडवायच्या नादात आत्ता काकांना कुणी अडवत नाहीच, अडतात त्या मावशी. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना हे पत्र लिहून देणार आहे, ज्यांना पटतंय त्यांनी दुकानात येऊन सही करा, प्रिंट माझ्याकडं काढून ठेवली आहे.