स्पिटफायरची चाकं: साडेतीन इंचांवरून पाच इंचांवर

चाकं अखेर बसली. माझी 1968ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क 3, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता 13 बाय 5 इंची अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर आणि 175/70 आर13 टायरवर उभी आहे. आधी साडेतीन इंची लोखंडी रिम आणि 145/80 टायर होते. गाडी भरदार दिसते, पण नुसत्या दिसण्यासाठी हा उद्योग करू नका, हे आधीच सांगतो. या गाडीत चाक रुंद केलं की त्याचा ताण दुसऱ्या कुठल्या तरी भागावर येतो. तो कुठे येतो हे शोधण्यातच माझा बहुतेक वेळ गेला.

पहिला अडसर पीसीडीचा, म्हणजे चाकाच्या बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाचा. स्पिटफायर आणि तिची बहीण ट्रायम्फ हेरल्ड दोघींचा पीसीडी 95.25 मिमी, म्हणजे पावणेचार इंच. आपल्याकडच्या अलॉयच्या दुकानांत 100 किंवा 114.3 मिळतो. भोकं जरा ओढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या हाती चाक देऊ नका. शंकूसारखा नट आपल्या खोबणीत नेमका बसला तरच चाक मध्यावर राहतं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने हेरल्ड इथे बनवली, त्यामुळे तिच्या रिम शोधल्या तर सापडतात. त्या कापून, मध्ये पट्टी वेल्ड करून रुंद करता येतात. आमच्या नाशिकच्या अंबड-सातपूरला त्या तोडीचे कारागीर आहेत. पण वेल्ड केलेली रिम डायल गेज लावून ती डगमगत नाही ना हे तपासल्याशिवाय मी गाडीला लावणार नाही, म्हणून सरळ इंग्लंडहून मिनीलाइट धाटणीची आठ आऱ्यांची चाकं मागवली. टायरला त्रास पडला नाही. हा एस्टीमचा साइज, नाशिकच्याच द्वारका भागात मिळून गेला.

आता मुद्द्याचं. साडेतीनचे पाच इंच म्हणजे 38 मिमी वाढ. ही सगळी बाहेर काढली तर गाडी ऐटबाज दिसते, पण चाकाचा मध्य बाहेर सरकतो आणि पुढचं चाक पेलणाऱ्या आखूड दांड्यावर, म्हणजे स्टब अ‍ॅक्सलवर तितकी जास्त तरफ पडते. सगळी आत घेतली तर टायर अँटी-रोल बारला, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीला भिडतो. मी मूळचा ऑफसेट, म्हणजे चाकाचा मध्य होता तिथेच राखून 19-19 मिमी वाटून घेतली. हेरल्डवरून आलेला तो स्टब अ‍ॅक्सल तसा बारीकच. 145च्या टायरची पकड लवकर सुटते, तेव्हा त्याचं निभावतं. 175 रस्ता सोडत नाही आणि वळणावरचा सगळा जोर त्या बोटभर जाडीच्या पोलादावर येतो.

म्हणून चाकं चढवण्याआधी दोन्ही स्टब अ‍ॅक्सल काढून अंबडला बारीक भेगा दाखवणारी डाय पेनेट्रंट टेस्ट करून घेतली. लाल रंग लावायचा, थोडं थांबून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. डावा स्वच्छ निघाला. उजव्यावर, बेअरिंग जिथे टेकतं त्या गोलाईत, पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटत गेली. डोळ्याला तिथे काहीच दिसत नव्हतं. दोन्ही नवे घातले, बेअरिंगसकट. हात लावलाच आहे तर ट्रनियनमध्येही, म्हणजे पुढचं चाक वळतं त्या खालच्या सांध्यात, तेल भरून घ्या. तिथे ग्रीस नव्हे, ईपी 90 गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलेल्या गाड्या मी पाहतो तेव्हा जीव तुटतो.

मागच्या बाजूला स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे चाक वर-खाली होताना दांड्यासकट तिरपं होतं, त्यामुळे तिथलं माप जॅकवर घेऊन उपयोग नाही. जॅक काढल्यावरही चाकं आत मुडपलेलीच राहतात, गाडी थोडी पुढे-मागे फिरवली की सरळ बसतात. टायर घासतो का ते पाहायला मडगार्डच्या आतल्या काठाला शाडूच्या मातीचे गोळे चिकटवले, डिकीत कांद्याची दोन पोती टाकली आणि गंगापूर रोडच्या गतिरोधकांवरून गाडी नेली. डावीकडचा गोळा चेपला होता, पण काठापर्यंत पोचला नव्हता. काठ ठोकून वाकवायची गरज पडली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे, कारण तो पत्रा अजून मूळचा आहे.

पुढे मात्र पूर्ण वळवल्यावर टायरची आतली बाजू अँटी-रोल बारला पुसटशी घासते. ही गाडी 24 फुटांच्या वर्तुळात वळते, तिचा तो गुण मला फार प्रिय. तरी स्टीअरिंग रॅकला मर्यादा घालावीच लागेल.

त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत जाऊन आलो. सरळ रस्त्यावर गाडी आधीपेक्षा ठाम चालते, ब्रेकला टायर चटकन लॉक होत नाही. पार्किंग करताना स्टीअरिंग जड लागतं. हवा पुढे 22, मागे 26 ठेवली. मागे जास्त हे प्रमाण मोडू नका. स्विंग अ‍ॅक्सलच्या गाडीत वळणावर अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडला तर मागचं चाक आत मुडपतं, आणि टायर रुंद केल्याने ती खोड जात नाही. व्यास 562वरून 575 मिमी झालाय, म्हणजे स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा आधीच्या मानाने सुमारे 1.4 किलोमीटर जास्तच समजा.

स्टेपनी सध्या जुनीच, लोखंडी रिमवरची. नव्या चाकांबरोबर आलेले नट तिला चालत नाहीत, म्हणून जुने चार नट कापडी पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवलेत.