दारावरचे रीथ: कमी खर्चात, घरच्या घरी

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आटोपले, की आमच्या पेनसिल्व्हेनियातील गल्लीत एकेका दारावर रीथ, म्हणजे हिरव्या फांद्यांची वर्तुळे, दिसू लागतात. तोपर्यंत पानझडी झाडे पार उघडी पडलेली असतात आणि फर, पाइन, सिडार, हॉली यांसारखी सदाहरित झाडेच काय ती हिरवी उरतात. तेव्हा ख्रिसमसच्या सजावटीत मान त्यांनाच मिळाला, यात नवल नाही. ताजे रीथ दुकानातून आणायचे तर सहज तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. घरी केल्यास याच्या चौथ्या हिश्शात भागते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील माझ्या आत्यांनी फोटो पाहून कृती विचारली होती, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

खर्च वाचतो तो मुख्यतः फांद्यांवर. या राज्यात ख्रिसमसच्या झाडांची शेती मोठी आहे, आणि झाड विकताना विक्रेते बुंध्याची एक चकती कापून देतात, म्हणजे झाड पाणी ओढू शकते. झाड स्टँडमध्ये बसावे म्हणून खालच्या फांद्याही छाटतात. त्या फांद्यांचा ढीग कोपऱ्यात पडलेला असतो आणि विचारले तर बहुतेक जण त्या फुकट नेऊ देतात. निवडायला वाव असेल तर फ्रेझर फर घ्यावी, कारण तिच्या सुया, म्हणजे सुईसारखी पाने, बरेच दिवस टिकतात. स्प्रूस दिसायला भरदार असली तरी बोचते आणि लवकर झडते. घरी आणल्यावर फांद्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

सांगाड्यासाठी बारा इंची तारेची कडी दोन-चार डॉलरांत मिळते. कपड्यांचा तारेचा हँगर वाकवूनही काम होते, मात्र एकच हँगर ओल्या फांद्यांच्या वजनाने लंबगोल होतो, म्हणून दोन हँगर एकत्र बांधावेत. बारा इंचांची कडी पाने बांधून झाल्यावर अठरा-वीस इंचांची होते; दार अरुंद असेल तर हे आधीच मोजून घेतलेले बरे.

आता खरे काम. फांद्यांचे पाच-सहा इंचांचे तुकडे करून चार-पाच तुकड्यांची एक जुडी घ्यावी, ती कडीवर ठेवावी आणि रिळावरची बारीक तार तिच्या देठांभोवती तीन वेळा घट्ट गुंडाळावी. तार तोडायची नाही. दुसऱ्या जुडीचे शेंडे पहिलीच्या देठांवर येतील अशा बेताने ती ठेवून तीच तार पुढे न्यावी, आणि असे एकाच दिशेने शेवटपर्यंत जावे. ज्यांच्या हाताला वेणी बांधायची सवय आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण आधीच्या फुलाचा देठ पुढच्या फुलाखाली दडवण्याचीच ही रीत आहे. शेवटच्या जुडीचे देठ तेवढे पहिल्या जुडीचे शेंडे उचलून त्यांच्याखाली सरकवावे लागतात, आणि तिथे घाई केली की सांधा उघडा दिसतो. बोटांना लागलेला काळपट चीक नुसत्या साबणाने निघत नाही; आधी खोबरेल चोळावे, मग हात धुवावेत.

सजावटीला पाइनची शंकू-फळे बागेतून वेचून आणावीत. ती ओली असताना मिटलेली असतात. मंद ओव्हनमध्ये, साधारण ९५ अंश सेल्सियसवर, अर्धा तास ठेवली की खवले उलगडतात, आतले किडेही मरतात आणि घरभर राळेचा वास सुटतो. ओव्हनसमोरून मात्र हलू नये. हॉलीची लाल फळे विषारी असल्याने घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर खोटी फळे लावावीत. रिबिनीऐवजी मी जुन्या साडीचा लाल काठ वापरते आणि तो बाजारच्या सॅटिनपेक्षा कितीतरी खुलून दिसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

काचेचे बाहेरचे दार आणि मुख्य दार यांच्या फटीत रीथ अडकवू नये. उन्हाने तिथे उष्णता कोंडते आणि सुया लवकर वाळतात.

आत्यांची शंका मात्र वेगळीच होती. “अगं, असं चक्र हुतात्म्यांच्या स्मारकावर वाहतात, तू ते दारावर कसं लावलंस?” असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. मेन राज्यातील एका रीथ-व्यावसायिकाने १९९२ मध्ये आपल्याकडची उरलेली रीथ आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सैनिकांच्या थडग्यांवर ठेवली आणि तेव्हापासून दर डिसेंबरला हा उपक्रम चालू आहे. म्हणजे तीच वस्तू इथे श्रद्धांजलीलाही चालते आणि स्वागतालाही. आमच्याकडे तोडगा असा निघाला, की चौकटीवर तोरण आणि दाराच्या फळीवर रीथ. तोरण जागचे हलत नाही, रीथ मात्र दाराबरोबर फिरते आणि आपटते, म्हणून त्याचा खालचा भागही दोऱ्याने अडकवावा.

वडोदऱ्यात हे करायचे झाल्यास फर शोधत बसू नये. आसोपालवाची लांब पाने तोरणाला शोभतात, पण लहान वर्तुळात नीट वळत नाहीत. त्यापेक्षा मोरपंखी घ्यावी, जिची पाने आपण विद्या म्हणून वहीत ठेवत असू. कुंपणाची छाटणी झाली की ती हवी तेवढी मिळते. हार्डवेअरच्या दुकानातील बाइंडिंग वायर, भरतकामाची जुनी रिंग आणि खंडेराव मार्केटमधून आणलेली शेवंती एवढ्यावर काम होते. शेवंती दोन-तीन दिवसांत बदलावी. सहा जानेवारीला, म्हणजे ख्रिसमसचे दिवस संपले की, पाने खतात टाकून रिंग आणि तार पुढच्या वर्षासाठी काढून ठेवावी. तारेचा एकही तुकडा मात्र खतात जाता कामा नये.